जिओकॅशिंग: फुकटचं खातं, प्रीमियम आणि खिशातला चिमटा

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आधारे लपवलेले डबे शोधण्याचा खेळ. त्याचं 'जिओकॅशिंग' हे अधिकृत अ‍ॅप फोनवर घेतलं की थोड्याच वेळात ते पैसे भरायला सुचवतं. नकाशावर डब्यांच्या हिरव्या खुणा दिसतात, काही मात्र राखाडी असतात, आणि राखाडीवर बोट ठेवलं की प्रीमियमची, म्हणजे पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाची, पाटी समोर येते. इथे बरेच जण एक तर पैसे भरून मोकळे होतात, नाही तर अ‍ॅप काढून टाकतात. दोन्हींत घाई होते. महाराष्ट्रात राहून खेळणाऱ्याला पहिलं वर्षभर तरी प्रीमियमची गरज पडत नाही. नोकरीनिमित्त म्युनिक, स्टुटगार्ट किंवा सिएटलला गेलेल्या मराठी माणसाला मात्र तेच प्रीमियम पहिल्या महिन्यात वसूल होतं. आणि जागा कुठलीही असो, डबा हाती लागणं हे अ‍ॅपपेक्षा शेवटच्या पाच मीटरांत तुम्ही काय करता यावरच ठरतं. म्हणून हे परीक्षण अ‍ॅपचं आहे, सेवेचं आहे, तसंच त्यासोबत लागणाऱ्या सामानाचंही आहे.

खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. कुणीतरी एक डबा लपवतो, आत सही करायला कागद ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. बाकीच्यांनी ते आकडे घेऊन डबा शोधायचा, कागदावर आपलं खेळातलं नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि ऑनलाइन नोंद करायची. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. त्याआधी शंभर मीटरपर्यंत भरकटणारी यंत्रं एका रात्रीत अचूक झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संकेतस्थळ सुरू झालं. आज सिएटलची ग्राउंडस्पीक ही कंपनी ते चालवते आणि जगभरात ३० लाखांहून अधिक डबे चालू आहेत.

आता अ‍ॅपकडे वळू.

फुकटच्या खात्यावर अधिकृत अ‍ॅप फक्त सोपे, साधे डबे उघडून दाखवतं. अवघड श्रेणीचे, कोड्याचे (कोडं सोडवल्यावरच खरी जागा कळते असे), टप्प्याटप्प्यांचे डबे राखाडी दिसतात. पण हे बंधन अ‍ॅपपुरतं आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. तोच डबा फोनच्या ब्राउझरमध्ये संकेतस्थळावर उघडला तर, तो मालकाने, म्हणजे लपवणाऱ्याने, केवळ प्रीमियम सदस्यांसाठी राखून ठेवलेला नसेल तर, पूर्ण पान दिसतं: आकडे, वर्णन, इशारा (डबा कुठे असेल हे सुचवणारी ओळ), आधीच्या लोकांच्या नोंदी, सगळं. 'सापडला' ही नोंदसुद्धा तिथूनच करता येते. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी गत होऊ देऊ नका. पैसे भरण्याआधी संकेतस्थळ उघडून बघा.

अँड्रॉइडवर 'सीजिओ' नावाचं दुसरं अ‍ॅप आहे. ते फुकट आहे, मुक्त स्रोतातलं आहे, स्वयंसेवक चालवतात आणि कंपनीशी त्याचा संबंध नाही. आपलं त्याच खात्याचं नाव घालून ते जोडायचं. त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे डबे फोनमध्ये साठवून ठेवणं. अधिकृत अ‍ॅपमध्ये याद्या उतरवून ठेवायला प्रीमियम लागतं, सीजिओमध्ये लागत नाही. घाटात शिरल्यावर रेंज गेली की या एका सोयीची किंमत कळते. घरून निघताना वायफायवर त्या भागाचा ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा उतरवायचा, हवे ते डबे एका यादीत साठवायचे, मग दिवसभर डेटा बंद ठेवला तरी चालतं. नोंदी फोनवरच लिहून ठेवता येतात आणि घरी आल्यावर पाठवता येतात. त्याचा चेहरा रुक्ष आहे, मेनू फार आहेत, पहिले दोन दिवस डोकं पिकतं. तरीही गंभीरपणे खेळणाऱ्याने हेच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. आयफोनवर सीजिओ नाही. तिथे 'कॅशली' आहे, ते विकत घ्यावं लागतं.

अधिकृत अ‍ॅप अगदीच टाकाऊ आहे असं मात्र नाही. लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा बाहेर पडायचं असेल तर तेच बरं: खुणा मोठ्या, बाण सरळ, इशारा एका बोटावर. संकेतस्थळावर इशारा इंग्रजी अक्षरं तेरा घरं पुढे सरकवून गुप्त लिपीत लिहिलेला असतो, म्हणजे 'ए'च्या जागी 'एन'. चुकून नजर पडून मजा जाऊ नये म्हणून ही पद्धत आहे. अ‍ॅप तो आपोआप उलगडून देतं.

डब्याचं पान वाचताना चार गोष्टी पाहायच्या. पहिली, अवघडपणा आणि वाट यांचे दोन वेगळे आकडे, दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्या पायरीने. पहिला आकडा शोधायला डोकं किती लागेल हे सांगतो, दुसरा पायांना किती त्रास होईल हे. वाट १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून पोचता येतं, वाट ५ म्हणजे होडी, दोर किंवा तसलंच साधन हवं. (२००८ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर एक डबा नोंदवला गेला, त्याची वाट अर्थातच ५.) दुसरी गोष्ट आकार. मायक्रो १०० मिलिलिटरपेक्षा कमी, स्मॉल त्यापुढे एक लिटरपर्यंत, रेग्युलर एक ते वीस लिटर, लार्ज त्याहून मोठा. मायक्रो लिहिलेल्या जागी जेवणाचा डबा शोधत बसलात तर तासभर फुकट जाईल. तिसरी गोष्ट शेवटच्या पाच नोंदी. सलग तीन जणांनी 'सापडला नाही' लिहिलं असेल आणि मालकाने त्यावर काही उत्तर दिलं नसेल, तर डबा बहुतेक गेलेला आहे. चौथी म्हणजे नोंदींच्या तारखा. मे महिन्यात शेवटचा सापडलेला आणि आता सप्टेंबर चालू असलेला डबा म्हणजे मधे अख्खा पावसाळा गेला. डबा मिळाला तरी कागदाचा लगदा झालेला असण्याची तयारी ठेवा.

आकड्यांची गल्लत ही नवख्यांची पहिली ठेच. या खेळात अंश आणि दशांशातली मिनिटं लिहितात. उदाहरणार्थ, पुण्याच्या अक्षांशावरचा एक आकडा घ्या: उत्तर १८° ३०.५००. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये बरेचदा नुसते दशांशातले अंश चालतात. मग लोक घाईत १८.३०५ टाकतात. ते चूक आहे. ३०.५ ला ६० ने भागायचं आणि १८ मध्ये मिळवायचं: १८.५०८३३. १८.३०५ टाकलंत तर तुम्ही साडेबावीस किलोमीटर दक्षिणेला पोचाल. तोच आकडा ३० मिनिटं ५० सेकंद असा वाचला तर चूक सहाशे मीटरच्या पुढे जाते. ही दुसरी चूक जास्त छळते, कारण आपण गावातच असतो, जागा बरोबर वाटते आणि माणूस दोन तास भलत्याच झाडाभोवती फिरत राहतो. आकडे हाताने टाकूच नका. अ‍ॅपमधलं 'दिशा दाखवा' वापरा किंवा आकडे जसेच्या तसे चिकटवा.

शेवटच्या अंकाचाही अर्थ लक्षात असू द्या. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर. आपल्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम साधारण १.७५ मीटर. फोनची स्वतःची चूक मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटर धरा, दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये दहा-पंधरा. लपवणाऱ्याच्या फोनची चूकही तेवढीच होती. दोन्ही चुका एकाच दिशेला पडतील असं नाही, त्यामुळे दहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ शोधायची तयारी ठेवावी लागते.

म्हणून बाण दाखवतो तिथे नाक खुपसून चालत राहू नका. वीस मीटर अंतर उरलं की थांबा. फोन तळहातावर आडवा धरून अर्धा मिनिट स्थिर उभं राहा, आकडा शांत होऊ द्या. मग हळू पुढे जा. पाच मीटरच्या आत बाण गोल फिरायला लागतो, तो बिघडलेला नसतो. अंतर चुकीपेक्षा कमी झालं की दिशेला अर्थच उरत नाही. आता फोन खिशात घाला. दहा पावलं मागे जा आणि दुसऱ्या दिशेने पुन्हा या. तीन वेगवेगळ्या बाजूंनी येऊन दर वेळी बाण जिथे बावचळतो ती जागा मनात धरा. त्या तीन जागांच्या मधोमध शोधायला लागा. कड्याच्या पायथ्याशी किंवा काचेच्या इमारतीपाशी संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि जागा एका बाजूला सरकते. तिथे फोनपेक्षा इशारा खरा माना.

होकायंत्र चुकीची दिशा दाखवत असेल तर आधी फोनचं कव्हर पाहा. चुंबकाच्या बटणाचं पाकीट किंवा गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी मागे चिकटवलेली लोखंडी चकती, यांनी सुई हमखास बिघडते. ते काढून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला की सुई ठिकाणावर येते. बॅटरी वाचवण्याचा पर्याय चालू असेल तर पडदा बंद होताच जीपीएसही झोपतं, तो बंद करा. आणि 'जीपीएसटेस्ट' नावाचं फुकट अ‍ॅप एकदा चालवून बघा. तुमचा फोन किती उपग्रह धरतो, दुसरी वारंवारता म्हणजे एल-५ घेतो का, आपली भारतीय उपग्रहप्रणाली 'नाविक' दिसते का, हे सगळं त्यात कळतं. दोन वारंवारतांचा फोन झाडीत आणि गल्लीत उघडपणे सरस पडतो. याच छंदासाठी नवा फोन घ्यायचा असेल तर कॅमेऱ्याआधी हे तपासा.

मग वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं का? गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स हे त्यातलं साधं, दणकट उदाहरण. दोन पेन्सिल सेलवर कंपनीच्या म्हणण्यानुसार २५ तास, २.२ इंची पडदा, पाण्यात पडलं तरी चालेल अशी बांधणी. त्याला बटणं आहेत, आणि सह्याद्रीत जुलैमध्ये बटणांची खरी किंमत कळते. ओल्या बोटांनी फोनचा पडदा दाबला जात नाही, पावसाचे थेंब स्वतःच काहीबाही दाबत सुटतात. सेल संपले तर पायथ्याच्या दुकानात मिळतात. उणीव अशी की डबे त्यात तारेने भरावे लागतात, आणि संपूर्ण माहितीची जीपीएक्स (जीपीएस यंत्रांना वाचता येणारी) फाइल संकेतस्थळ फक्त प्रीमियम सदस्याला देतं. सीजिओतून ती फाइल काढून यंत्राच्या जीपीएक्स फोल्डरमध्ये टाकता येते, हा मधला मार्ग चालतो. शहरात खेळणाऱ्याने यावर पैसे घालू नयेत. पावसाळी ट्रेक करणाऱ्याने जरूर विचार करावा. मात्र परदेशातून यंत्र आणणार असाल तर एक जपा: उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रं, म्हणजे इनरीचसारखी, भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर ती पकडली गेली की गुन्हा नोंदवला जातो. नुसतं जागा दाखवणारं यंत्र आणि निरोप पाठवणारं यंत्र दिसायला सारखंच असतं, नीट पाहून घ्या.

सामान थोडं लागतं, पण नेमकं लागतं. शिसपेन्सिल हवीच. ओलसर कागदावर बॉलपेन उमटत नाही, जेलची शाई पसरते, शिसपेन्सिल दोन्हीकडे चालते. दुसरी वस्तू भुवया कोरायचा चिमटा. करंगळीच्या नखाएवढे चुंबकी डबे असतात, खेळाडू त्यांना नॅनो म्हणतात. त्यातली कागदाची सुरळी बोटांनी निघत नाही. खिळ्याने किंवा काडीने उकरली तर फाटते. चिमट्याने तिचं टोक धरून सुरळी वळलेल्या दिशेनेच फिरवत बाहेर ओढायची, सही करून झाली की पेन्सिलच्या टोकावर घट्ट गुंडाळायची आणि मग आत सरकवायची. सैल गुंडाळलेली सुरळी झाकणाच्या आट्यांत अडकते, झाकण तिरकं बसतं आणि पुढच्या पावसात पाणी आत जातं. नॅनो भिजण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. डबा वाईट नसतो, आधीच्या माणसाने घाई केलेली असते.

याशिवाय छोटी विजेरी भर दुपारीही लागते, खबदाडात उजेड नसतो. जाड हातमोजे लागतात. आणि एक काठी, ती आपल्याकडे सोडूच नये. दगडाखाली, भिंतीच्या भेगेत मोकळा हात घालायचा नाही. फुरसं दगडांखाली बसतं आणि रंगाने मातीत मिसळून जातं. आधी काठीने आवाज करायचा, विजेरीने बघायचं, मगच हात घालायचा. हिवाळ्यात वाळलेल्या खाजकुयलीच्या शेंगांखालून जाऊ नका. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर डबा कितीही जवळ असू द्या, मागे फिरा.

डब्यांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडच्या हवेत निम्मे डबे इथेच मरतात. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी जगभर वापरली जाते. महाराष्ट्रात ती नापास. झाकण नुसतं दाबून बसतं, उन्हात प्लास्टिक सैल पडतं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आत पाणी. त्यापेक्षा पेट बाटली फुगवण्याआधीची जी जाड नळी असते, जिला कारखान्यात प्रीफॉर्म म्हणतात, ती बरीच चांगली. भिंत जाड, झाकण आट्यांचं, बोटभर लांब आणि झाडाच्या ढोलीत सहज बसते. स्मॉल आकारासाठी चार बाजूंना कड्या आणि झाकणात रबरी गोल असलेला प्लास्टिकचा डबा याला तोड नाही. स्टीलचा डबा गंजत नाही, पण चकाकतो आणि भंगारवाल्याच्या पोत्यात जातो. माकडांना तर कुठलाही डबा खाऊचाच वाटतो. माकडं असलेल्या डोंगरावर किंवा घाटातल्या विसाव्यावर डबा उघड्या फांदीवर नको, जड दगडाखाली हवा.

कड्यांचा डबा चांगला असूनही गळतो, त्याची कारणं दोन. रबराच्या खाचेत वाळूचा एक कण किंवा पिशवीचं टोक अडकतं आणि तेवढ्या फटीतून पाणी शिरतं. म्हणून बंद करण्याआधी रबरावरून कोरडा कपडा फिरवायचा आणि कागदाची पिशवी पूर्ण आत आहे ना, हे पाहायचं. दुसरं कारण जरा चमत्कारिक वाटेल. डबा पावसाळ्यात भरला तर दमट हवाच आत कोंडली जाते, रात्री गारवा आला की तिचंच पाणी होतं. बाहेरून थेंबही न शिरता कागद ओला होतो. नवा डबा ठेवायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कोरड्या दुपारी बंद करून ठेवा. सिलिका जेलची पुडी कामाची आहे, पण ती भरली की संपली. दर भेटीत बदलावी लागते. डब्यात खाण्याची वस्तू कधीच नको, नियमातही ती बसत नाही आणि मुंग्या-उंदरांना आमंत्रण मिळतं. मुलांच्या अदलाबदलीसाठी गोट्या, भोवरा, चावीची साखळी, परदेशी नाणं असलं काही ठेवावं. घ्याल तेवढ्याच मोलाचं किंवा त्याहून सरस परत ठेवायचं, ही रीत. डब्यात सहा अक्षर-अंकांचा संकेतांक कोरलेलं धातूचं बिल्लं सापडलं तर ते प्रवासी बिल्लं आहे. ते आपल्याकडे राहण्यासाठी नसतं, पुढच्या डब्यात पोचवून नोंद करायची असते. कोरलेल्या संकेतांकाचा फोटो टाकू नका, तो ज्याच्या हाती बिल्लं आहे त्याच्यासाठीच असतो.

स्वतः डबा लपवायला ही सेवा एक पैसा घेत नाही, पण नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत. दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर हवं. खड्डा खणून पुरायचा नाही. जागेच्या मालकाची परवानगी हवी. शाळा, लष्करी आवार, विमानतळ, रेल्वेमार्ग यांच्या जवळ चालत नाही. सुट्टीत फिरायला गेलेल्या गावी ठेवून यायचा नाही, कारण डब्याची देखभाल तुम्हालाच करायची असते. पान भरून पाठवलं की स्वयंसेवक परीक्षक ते तपासतो. साधारण आठवड्याभरात पहिलं उत्तर अपेक्षित असतं. बहुतेक पानं अडतात ती अंतरामुळे किंवा परवानगीचा उल्लेख नसल्यामुळे. कोड्याचा डबा असेल तर खरी जागा दाखवलेल्या बिंदूपासून साधारण ३.२ किलोमीटरच्या आत असावी लागते.

आकडे घेण्याचीही एक रीत आहे. एकदाच उभं राहून घेतलेला आकडा देऊ नका. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी जा, दर वेळी दोन-तीन मिनिटं फोन डब्याजवळ ठेवून आकडा लिहा आणि सगळ्यांची सरासरी काढा. उपग्रहांची मांडणी बदलत असते, एका दिवशीची चूक दुसऱ्या दिवशी वेगळ्या बाजूला पडते.

आपल्याकडे एक जादा काळजी घ्यावी. बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात, आणि घाबरणं रास्तच आहे. डबा पारदर्शक घ्या, त्याला तारा किंवा काळी चिकटपट्टी गुंडाळू नका आणि बाहेर ठळक मराठीत चिठ्ठी चिकटवा: 'हा जिओकॅशिंग या खेळाचा डबा आहे. आत फक्त सह्यांचा कागद व लहान वस्तू आहेत. कृपया होता तसा ठेवा.' संकेतस्थळावरचा, 'जीसी'ने सुरू होणारा डब्याचा क्रमांकही लिहा. बाजारपेठ, स्थानक, देऊळ, पूल, धरण या जागा सोडूनच द्या. गडाच्या तटबंदीत, बुरुजाच्या सांध्यात डबा खुपसणं अजिबात नको. शोधणारा एकेक दगड हलवून बघतो आणि तीनशे वर्षं टिकलेला सांधा मोकळा होतो.

गडकोट आणि राखीव वनं सोडली तर मग सह्याद्रीत या खेळाला उरतं काय, तर 'अर्थकॅश'. यात डबा नसतोच. भूरचनेची एखादी जागा निवडायची, तिचं शास्त्र सोप्या भाषेत लिहायचं आणि तिथे जाऊनच देता येतील असे प्रश्न विचारायचे. शोधणारा उत्तरं मालकाला पाठवतो आणि नोंद करतो. हा उपक्रम २००४ साली सुरू झाला, अमेरिकेची भूविज्ञान संस्था त्याच्या पाठीशी आहे. लाव्हाच्या थरांनी बनलेल्या महाराष्ट्राला यापेक्षा शोभणारा प्रकार नाही. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे घ्या. प्रश्न किती सरळ विचारता येतात: खळग्याच्या तळाशी गोटे आहेत का, त्यांच्या कडा धारदार आहेत की गुळगुळीत, भिंतीवर आडव्या रेषा दिसतात की उभ्या? उत्तर देता देता माणसाला कळतं की हे खळगे नदीने गोटे गरागरा फिरवून कोरले. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी, बुलढाण्याचं लोणार, घाटात रस्त्याकडेला दिसणाऱ्या खडकाच्या उभ्या भिंती, सगळीकडे हे करता येईल. भंगारवाला नाही, माकड नाही, पावसाची भीती नाही. परवानगी मात्र इथेही बघावी लागते.

आता प्रीमियम. पैसे भरल्यावर मिळतात त्या मुख्य गोष्टी अशा: केवळ सदस्यांसाठीचे डबे, अधिकृत अ‍ॅपमध्ये सगळे प्रकार, याद्या उतरवणं, बारकाईने गाळणी लावणं, एका वेळी १००० पर्यंत डब्यांची फाइल मागवणं, नवा डबा आल्याची सूचना आणि पसंतीचे गुण. दर दहा शोधांमागे एक गुण मिळतो, तो आवडलेल्या डब्याला द्यायचा. हे शेवटचं क्षुल्लक वाटतं, पण दाट शहरात सगळ्यात उपयोगी हेच पडतं. जिथे चालत अर्ध्या तासात वीस डबे आहेत, तिथे प्रश्न कुठला सोडायचा हा असतो. तिथे पसंतीच्या गुणांनी गाळणी लावली की विजेच्या खांबावरचे चुंबक बाजूला पडतात आणि कुणीतरी महिनाभर सुतारकाम करून बनवलेला डबा वर येतो. युरोपात राहणाऱ्याने याच कारणासाठी पैसे भरावेत.

महाराष्ट्रात गाळायला एवढे डबेच नाहीत. शहरागणिक जे आहेत ते संकेतस्थळ आणि सीजिओ मिळून उघडतात. तेच पैसे दोन चांगले कड्यांचे डबे, पाणी न शोषणारा कागद आणि सिलिका जेलवर घाला आणि एक डबा स्वतः लपवा. नकाशा त्यानेच भरतो. दोन-तीन आठवड्यांसाठी परदेशी जाणार असाल तर अ‍ॅपमधून कमी मुदतीचं सदस्यत्व घ्या, मात्र ते आपोआप पुढे चालू राहतं. घेतल्याच दिवशी फोनच्या सदस्यत्वांच्या पानावर जाऊन नूतनीकरण बंद करा. मुदत संपेपर्यंत सोयी चालू राहतात. प्रीमियम संपल्यावर जुन्या नोंदी जात नाहीत, शोधांचा आकडाही कमी होत नाही.

सेवेत एक गोष्ट मनापासून खटकते. अ‍ॅप मराठीत नाही, आणि डब्यांची पानं बहुतेक इंग्रजीतच असतात. पण पान मराठीत लिहायला कुठलीही आडकाठी नाही. वर मराठी, खाली चार ओळी इंग्रजी असं लिहिलं की परीक्षकाचंही काम भागतं आणि आपल्या शाळकरी पोरांचंही. नोंदीही मराठीत लिहाव्यात. 'टीएफटीसी' ('डब्याबद्दल आभार' याचं इंग्रजी लघुरूप) एवढी चार अक्षरं टाकून मोकळं होण्यापेक्षा कागद कोरडा होता का, झाकण नीट बसत होतं का, शेजारी वारूळ झालंय का, हे दोन ओळींत लिहा. सापडला नाही तर तसंच लिहा, किती वेळ आणि कुठे कुठे शोधलं तेही लिहा. मालक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो, डबा जागेवर आहे की नाही हे त्याला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. कागद भिजलेला दिसला तर मालकाने लक्ष द्यावं अशी वेगळी नोंद असते, ती निःसंकोच करा, आणि आपल्याजवळ कोरडी पट्टी असेल तर तोपर्यंत ती आत ठेवून या. जुना कागद मात्र फेकू नका, त्यावर आधीच्या लोकांच्या सह्या असतात.